आदर्श विद्यार्थी निवडायचाय? आधी एक वही आणा

पत्र: तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेत मी मराठी शिकवते. पाचवी ते दहावी, अकरा तुकड्या, पट सहाशेच्या वर. १९८८ साली एका माजी मुख्याध्यापकांच्या कुटुंबाने पाच हजारांची ठेव ठेवून ‘आदर्श विद्यार्थी’ पुरस्कार सुरू केला. दरवर्षी स्नेहसंमेलनात एका मुलाला आणि एका मुलीला तो देतात. गेली बरीच वर्षं तो दहावीत सहामाहीला पहिल्या आलेल्यांनाच मिळतोय. मागच्या वर्षी आमच्याच एका सहकाऱ्याच्या मुलीला मिळाला आणि दोन पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत भांडून गेले. यंदा निवडीचं काम माझ्याकडे आलंय. सगळे म्हणतात, ‘कटकट नको, गुणपत्रक बघा आणि नावं देऊन टाका.’ जुन्या फाइलीत देणगीदारांचं पत्र सापडलं. त्यात ‘शीलवान व होतकरू विद्यार्थ्यास’ एवढंच आहे. माझ्या मनात नववीतला एक मुलगा आहे, पण तो सकाळी दुधाचा रतीब घालून येतो आणि आठवड्यातून दोनदा तरी त्याला उशीर होतो. शिवाय ठेवीचं व्याज आता पुरत नाही आणि सभागृहातल्या फलकावर जेमतेम चार नावांची जागा उरली आहे. हे सगळं नीट कसं करावं?
– एक शिक्षिका

नमस्कार बाई,

देणगीदारांचं पत्र सापडलं, निम्मं काम तिथेच झालं. त्याची झेरॉक्स मुख्याध्यापकांच्या सहीने यंदाच्या फाइलीत पहिल्या पानावर लावा. पत्रात गुणांची अट नाही. ती शाळेने नंतर कधीतरी स्वतःच लावली, कारण गुणांवर कोणी भांडणार नाही असं वाटतं. म्हणजे तुम्ही नवीन काही काढत नाही आहात, मूळ अट पाळताय. स्टाफ मीटिंगमध्येही असंच बोला. ‘पद्धत बदलूया’ म्हटलं की जुनी मंडळी बिथरतात. ‘पत्रात असं लिहिलंय’ म्हटलं की निदान पत्र वाचतात.

मीटिंगच्या आधी अर्धा तास सभागृहात जाऊन फलकावरची नावं वहीत उतरवून घ्या. दरवर्षी दोन धरली तर सत्तरहून जास्त असतील. प्रत्येक नावापुढे तुकडी, त्या वर्षी वर्गात पहिला-दुसरा होता का, आणि शाळेतल्या कोणाचं मूल होतं का, एवढं जुन्या सरांना विचारून लिहा. बहुतेक शाळांत हा तक्ता पुरा झाला की दिसतं ते असं: ‘अ’ तुकडीचं पारडं जड, ‘क’ आणि ‘ड’ जवळजवळ गैरहजर. कोणी मुद्दाम केलेलं नसतं, म्हणून कोणाला दोष देऊ नका. तक्ता फक्त टेबलावर ठेवा.

हे असं का होतं, त्याला जुनं उत्तर आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवलं की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य वेगवेगळं जोखायला बसले, तरी एका बाबतीत माणूस आवडला की बाकी सगळ्यांतही त्याला वरचे गुण देत. शिक्षकांच्या खोलीत हेच घडतं. अक्षर सुंदर, गणवेश कडक इस्त्रीचा, उत्तराला हात पहिला वर, की पोरगं ‘गुणी’ झालं. आणि ‘गुणी’ म्हणताना आपण पुष्कळदा ‘आपल्याला त्रास न देणारं’ असं म्हणत असतो. वर्गात एखाद्याची जातीवरून किंवा तोतरेपणावरून टिंगल चालली असताना उठून ‘सर, हे बरोबर नाही’ म्हणणारी मुलगी त्या क्षणी आगाऊ वाटते. तिचं नाव डिसेंबरात कोणाच्या तोंडी येत नाही. गप्प बसलेल्यांचं येतं.

म्हणून पहिला नियम एकच करा: प्रसंग नसेल तर नाव नाही. ‘नम्र’, ‘संस्कारी’, ‘आज्ञाधारक’ ही विशेषणं शिफारशीत चालणार नाहीत. काय घडलं, कधी घडलं, कोणी पाहिलं, एवढंच चालेल.

त्यासाठी दोनशे पानी एक वही आणा. ती शिक्षकांच्या खोलीत हजेरीपत्रकांच्या कपाटापाशी दोरीने बांधून ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये ती हरवते. प्रत्येक तुकडीला सोळा पानं दिली की अकरा तुकड्यांची १७६ होतात, उरलेली २४ सेवक आणि इतरांसाठी. एक नोंद म्हणजे तीन-चार ओळी. उदाहरणार्थ: ‘१२ ऑगस्ट. आठवी ब. प्रयोगशाळेत चंचुपात्र फुटलं. कोणी फोडलं ते मला माहीत नव्हतं. तास संपल्यावर स्वतः येऊन सांगितलं, काचा गोळा करायला थांबला. पाहिलं: विज्ञान शिक्षक, प्रयोगशाळा परिचर.’ हीच नोंद ‘अत्यंत प्रामाणिक विद्यार्थी’ अशी लिहिली, तर डिसेंबरात ती कोणाच्याच कामाची नसते.

नोंदी जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत घ्या. दिवाळीची सुट्टी वगळली तर साधारण अठरा आठवडे हातात येतात. वर्गशिक्षकाने आठवड्याला एक नोंद केली तरी पुष्कळ. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच येतील हे धरून चला. दर शनिवारी शाळा सुटताना वही तुम्ही स्वतः चाळा आणि ज्या तुकडीचं पान कोरं आहे तिथल्या वर्गशिक्षकांना आठवण करा. लेखी सूचना काढू नका. चहाच्या वेळी सहज विचारलं की तिथल्या तिथे लिहून देतात.

‘आणखी एक रजिस्टर?’ अशी कुरकुर होणारच. त्याला खरं उत्तर आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी खालच्या वर्गांना तशाही लिहाव्या लागतात, आणि त्या आपण सत्राच्या शेवटी एका बैठकीत ‘सहकार्याने वागतो, नीटनेटका राहतो’ अशा एकमेकांवरून उतरवून काढतो. या वहीतल्या नोंदी तिथे थेट वापरता येतात. पाचवी ते आठवीच्या शिक्षकांचं काम यामुळे कमीच होतं. नववी-दहावीच्या शिक्षकांना मात्र गळ घालावी लागेल.

वहीचे दोन रोग आहेत. पहिला म्हणजे ‘सापडलेले पैसे परत केले’. ही नोंद सगळ्यांना आवडते, परिपाठात सांगता येते, टाळ्या मिळतात. आणि परिपाठात दोनदा सांगितली की पाचवी-सहावीची मुलं घरून आणलेली स्वतःची दहाची नोट ‘सापडली’ म्हणून जमा करायला लागतात! त्यात त्यांचा दोष नाही, आपण बाजारभाव जाहीर केलेला असतो. तेव्हा पैसे परत केल्याची नोंद घ्या, पण ती एकटी पुरेशी धरू नका.

दुसरा रोग जास्त वाईट. एखादे उत्साही सर व्हरांड्यात मुद्दाम पन्नासची नोट टाकून कोण उचलतं ते बघतात, किंवा उत्तरांची वही मुलांच्या हाती देऊन वर्गाबाहेर जातात. हे करू देऊ नका. एक तर मुलांना सापळा लावणं वाईट. दुसरं, त्यातून कळत काहीच नाही. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या संशोधकांनी १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांवर नेमके असेच प्रयोग केले: स्वतःचा पेपर स्वतः तपासायला देणं, खेळात फसवायची संधी ठेवणं. १९२८ पासून त्यांचे निष्कर्ष छापून आले. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणीही फसवेल, असा खात्रीचा अंदाज बांधता येत नव्हता. परिस्थिती बदलली की वागणं बदलत होतं. म्हणजे एका प्रसंगावरून ‘शीलवान’ हा शिक्का मारणं धोक्याचं. म्हणून किमान तीन प्रसंग मागा. ते निदान दोन वेगवेगळ्या जागांचे असावेत (वर्ग, मैदान, सहल, प्रयोगशाळा, पोषण आहाराची रांग) आणि किमान दोन वेगवेगळ्या माणसांनी पाहिलेले असावेत. तीन प्रसंग असलेलं मूल सहाशेत सापडतं, काळजी करू नका.

आता मुलांकडे वळू. वर्गात कोण कसं आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, पण ‘तुमच्या मते आदर्श विद्यार्थी कोण?’ असं विचारलं की ती आपल्याला हवं असलेलं उत्तर देतात. हात वर करायला सांगितलं तर मॉनिटर निवडून येतो. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एकाच दिवशी, एकाच तासिकेला सगळ्या तुकड्यांत कोऱ्या चिठ्ठ्या वाटा आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहा:

तू गैरहजर असताना अभ्यास किंवा वही आपणहून कोणी दिली?
कोणाला एकटं पाडलं जात असताना त्याच्याबरोबर कोण बसलं किंवा खेळलं?
स्वतःची चूक कोणी कबूल केल्याचं तू पाहिलंस?

प्रत्येकापुढे एकच नाव, आठवत नसेल तर रेघ. स्वतःचं नाव लिहायचं नाही. पंधरा मिनिटं पुरतात. वर्गशिक्षकाने आपल्या वर्गात थांबायचं नाही, दुसऱ्या तुकडीचे शिक्षक जातील. ‘वर्गात खोटं कोण बोलतं’ किंवा ‘त्रास कोण देतं’ असा उलटा प्रश्न चुकूनही नको. चिठ्ठीचं सूडात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही, आणि एखाद्या मुलाच्या नावाचा असा कागद शाळेत असणं हेच चुकीचं.

मोजताना एकूण मतं मोजू नका. दहा-बारा जणांचं टोळकं ठरवून एकच नाव लिहितं, आणि गल्लीतल्या क्रिकेट टीमच्या कप्तानाला आदर्श ठरवून मोकळं होतं. त्याऐवजी दोन गोष्टी बघा: नाव तीनपैकी निदान दोन प्रश्नांत आलंय का, आणि मुलं व मुली दोघांच्याही चिठ्ठ्यांत आलंय का. त्यासाठी चिठ्ठीच्या कोपऱ्यात नुसतं ‘गा’ किंवा ‘गी’ (मुलगा की मुलगी) लिहून घ्या. टोळक्याचं नाव या दुसऱ्या चाळणीत बहुधा गळतं. चाळणीतून उतरलेली नावं वहीशी ताडून बघा. वहीत आहे पण चिठ्ठीत नाही, असं मूल मोठ्यांसमोरच चांगलं वागत असण्याची शक्यता असते. चिठ्ठीत आहे पण वहीत नाही, त्याच्यासाठी त्या आठवड्यात दोन-तीन शिक्षकांकडे चौकशी करा, कारण आपल्याच नजरेतून निसटलेलं असतं. काम झालं की चिठ्ठ्या जाळा किंवा फाडून टाका.

वही आणि चिठ्ठ्या हे दोन दरवाजे झाले. तिसरा बहुतेक शाळा विसरतात: शिपाईदादा, आहार शिजवणाऱ्या ताई, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर. ज्याच्या हातात गुणही नाहीत आणि छडीही नाही, त्याच्याशी मूल कसं बोलतं, हे त्यांनाच ठाऊक. त्यांना अर्ज भरायला लावू नका. तुम्ही स्वतः दहा मिनिटं बसा, विचारा आणि ते सांगतील ते वहीतल्या त्या २४ पानांत त्यांच्याच शब्दांत लिहा. सैपाकाच्या ताईंनी ‘ती पोरगी रोज उरलेलं ताट माझ्याकडं आणून देती, सांडलेलं पुसती’ असं सांगितलं, तर त्याचं ‘स्वच्छतेची आवड’ करू नका.

समिती पाच जणांची ठेवा, विषम संख्या हवी. मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक, तुम्ही, दहावीला न शिकवणारे एक शिक्षक, सेवकांपैकी एक, आणि पालक-शिक्षक संघातले असे एक पालक ज्यांचं मूल यादीत नाही. ज्या शिक्षकाचं किंवा सेवकाचं मूल शाळेत आहे, त्याने समितीत नसावं. शिक्षकांच्या मुलांना पुरस्कारातून वगळायचं का, हा प्रश्न यंदा नक्की येईल. आमचं मत, वगळू नये. त्या मुलीने काय गुन्हा केला? पण तिच्या बाबतीत पालक-शिक्षकाची स्वतःची नोंद धरू नका, आणि एक प्रसंग तरी सेवकाने किंवा मुलांनी सांगितलेला असावा. एवढं केलं की मागच्या वर्षीसारखा आरोप उभाच राहात नाही.

बैठकीच्या आधी तुम्ही उरलेल्या नावांच्या नोंदी वेगळ्या कागदांवर उतरवा. नाव, तुकडी, आडनाव काहीही न लिहिता नुसते १, २, ३ असे क्रमांक द्या. आठ ते बारा कागद झाले तर योग्य. वीस झाले तर चाळणी सैल पडली असं समजा. समितीने आधी हे नाव नसलेले कागद वाचायचे. प्रत्येकाला पाचपैकी, दहापैकी गुण द्यायचा मोह होईल, तो टाळा. साडेसत्त्याऐंशी विरुद्ध सत्त्याऐंशी असा आकडा आला की तो शास्त्रशुद्ध वाटतो आणि त्यावरच भांडण होतं. त्यापेक्षा कागदांचे तीन ढीग करा: नक्की, कदाचित, नाही. ‘नक्की’च्या ढिगात चार-पाच उरतात. मग नावं उघडा, हरकती ऐका, आणि एकमत झालं नाही तर चिठ्ठीने मतदान. निवडीचं कारण दोन वाक्यांत इतिवृत्तात लिहा, पाचही जणांच्या सह्या घ्या. नावं उघडल्यावर कोणी ‘अरे, हा का? याला गणितात पस्तीस आहेत’ म्हणालं, तर देणगीदारांचं पत्र पुढे सरकवा.

दहावीपुरताच पुरस्कार ठेवायचा का? पत्रात तशी अट नसेल तर ठेवू नका. नाहीतर पाचवीतल्या मुलाला पाच वर्षं वाट बघायची आणि नववीपर्यंत कोणी बघतच नाही, असा संदेश जातो. एक मुलगा, एक मुलगी ही विभागणी मात्र राहू द्या. आपण मुलींची नोंद रांगोळी आणि टापटिपीसाठी करतो, मुलांची बाक उचलण्यासाठी; विभागणी काढली तर यादी एका बाजूला झुकते. एकाच जागेवर दोन नावं बरोबरीची आली म्हणून तीन पुरस्कार देऊ नका. पुढच्या वर्षी पाच होतील. आणि एकदा मिळालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा नाही.

आता तुमचा रतीबवाला. पुष्कळ शाळांत ‘९० टक्के उपस्थिती’ अशी अट असते आणि उशीर तीनदा झाला की एक गैरहजेरी धरतात. ही अट शिस्तीसाठी असेल. शीलाचं माप म्हणून ती वापरायची नाही. उपस्थितीसाठी चाळणी ठेवायचीच असेल तर ‘विनाकारण गैरहजर’ एवढीच ठेवा, आणि कारण वर्गशिक्षकाने पालकांशी बोलून खात्री करून लिहावं. दुधासाठी पहाटे उठणारं मूल पहिल्या तासाला उशिरा आलं, तर ते त्याच्या विरोधात जाऊ नये.

पण ते त्याच्या बाजूनेही जाऊ नये. इथे बहुतेक भली माणसं घसरतात. कष्ट करणारा मुलगा आपल्याला आपोआप चांगला वाटतो. हीसुद्धा थॉर्नडाइकचीच चूक, नुसती दिशा वेगळी. परिस्थितीवर मात करण्यासाठी शाळेत वेगळं काही द्यायचं असेल तर वेगळं द्या. फी, वह्या, सायकल यांची मदत गुपचूप करा. या पुरस्कारासाठी त्याच्याही कागदावर तीन प्रसंग लागतील, दोन जागांचे, दोघांनी पाहिलेले. तुमच्या मनात तो का आला, ते आठवून बघा. काहीतरी पाहिलं असेलच. ते आज वहीत लिहा. नुसती कणव असेल तर नोंद होणार नाही, आणि तेही कळलेलं बरं. आणखी एक गोष्ट: तो तुमच्या मनात आहे म्हणून बैठकीत त्याच्याविषयी शेवटी बोला.

मुलांना या सगळ्यातलं काय सांगायचं? पुरस्कार आहे, कशासाठी आहे आणि गुणांशी संबंध नाही, हे जुलैच्या परिपाठात एकदा सांगा आणि नियमांचं एक पान सूचना फलकावर लावा. त्यापलीकडे काही नाही. ‘सद्वर्तनाचे गुण’ असा तक्ता वर्गात टांगणं, दर शनिवारी तारे चिकटवणं, ‘आता पुरस्कारासाठी कोण पुढे आहे बघूया’ म्हणणं, यातलं काहीही नको. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. चित्रं काढायची हौस असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता ते शेवटी दिलं. काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी वर्गात मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्र काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. चांगुलपणाचा स्कोअरबोर्ड लावला की मदतीचंही असंच होतं: डिसेंबर संपला, मदत संपली. वही शिक्षकांच्या खोलीत बांधून ठेवा म्हटलं, ते यासाठीही. नामांकनांची यादी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको.

स्नेहसंमेलनात नाव पुकारताना ‘आणि यंदाचा आदर्श विद्यार्थी...’ म्हणून नुसता टाळ्यांचा कडकडाट करू नका. मानपत्र साठ ते ऐंशी शब्दांचं ठेवा आणि त्यात निदान एक प्रसंग सांगा. ‘जुलैत वर्गात आलेल्या नव्या मुलीला भाषा येत नव्हती. हिने महिनाभर मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर डबा खाल्ला आणि तिला वर्गातल्या प्रत्येकाचं नाव शिकवलं’ असं कानावर पडलं, की खाली बसलेल्या सहाशे मुलांना नेमकं काय केलं ते कळतं, आणि ते आपल्यालाही जमण्यासारखं आहे हेही. मजकूर दोन दिवस आधी त्या मुलाला आणि पालकांना वाचून दाखवा. मुलाने ‘हे नको’ म्हटलं तर दुसरा प्रसंग घ्या. घरची गरिबी, वडिलांचं व्यसन, आईचं आजारपण यातलं काहीही मंचावरून बोलायचं नाही, पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. रतीबवाल्या मुलाला मिळाला तर दुधाचा उल्लेखही नको. प्रसंगात दुसरं मूल असेल तर त्याचं नाव वाचू नका, आणि वर्णनावरून ते ओळखू येत असेल तर त्यालाही आधी विचारा. नको म्हणालं तर तो प्रसंग सोडा.

प्रमाणपत्रावर शैक्षणिक वर्ष ठळक लिहा. तो त्या एका वर्षाच्या वागण्याचा दाखला आहे. मार्चमध्ये तोच मुलगा कॉपी करताना सापडला तर नेहमीचीच कारवाई होईल, पुरस्कार परत घ्यायचा नाही आणि ‘आदर्श म्हणे!’ असा टोमणा कोणी मारायचा नाही. वर्गशिक्षकांना हे आधीच बजावा. ‘आदर्श’ हा शब्द चौदा वर्षांच्या पोराच्या पाठीवर फार जड असतो. इतर भावंडांना घरी त्याचं नाव घेऊन बोलू नका, हे पालकांनाही हळूच सांगा.

तक्रार घेऊन पालक आलेच तर पद्धत दाखवा: नियमांचं पान, समितीतली नावं, तीन दरवाजे. दुसऱ्या मुलाच्या नोंदी दाखवायच्या नाहीत, तुलना करायची नाही. ‘माझ्या मुलात काय कमी होतं?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका. त्यांच्या मुलाची वहीत चांगली नोंद असेल तर ती मात्र वाचून दाखवा. बरेचदा पालक भांडायला आलेले असतात आणि ती नोंद ऐकून गप्प होऊन जातात.

पैशाचं सरळ गणित. पाच हजारांवर दहा टक्क्यांनी पाचशे मिळायचे. साडेसहा टक्के धरले तर सव्वातीनशे मिळतात. आज दोघांना प्रत्येकी सहाशेची पुस्तकं आणि अडीचशेची प्रमाणपत्राची चौकट धरली तर सतराशे लागतात. व्याजातला चौथा हिस्सा दरवर्षी ठेवीतच परत घालायचा ठरवलं (नाहीतर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा हेच रडगाणं), तर ठेव ३५ हजारांच्या आसपास हवी. म्हणजे ३० हजार कमी पडतात: तीस माजी विद्यार्थी, प्रत्येकी हजार. १९८८ पासून ज्यांना पुरस्कार मिळाला त्यांच्यापासूनच सुरुवात करा. तुमच्या तक्त्यात त्यांची नावं आहेतच.

पैसे संस्थेच्या खात्यावर घ्या आणि पावती द्या, शिक्षकाच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. देणगीदाराकडून ‘ही रक्कम पुरस्काराच्या कायम ठेवीसाठी’ असं एका ओळीचं पत्र घ्या, म्हणजे ती रक्कम पुढे भिंत रंगवायला जात नाही. ओळखीची पतसंस्था एक टक्का जास्त देते म्हणून तिथे ठेवायची घाई करू नका. विश्वस्त संस्थेचा पैसा कुठे गुंतवावा याची चौकट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ मध्ये आहे. संस्थेच्या लेखापरीक्षकांना विचारून अनुसूचित (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकेत ठेवा. मूळ देणगीदार कुटुंबाला आधी कळवा, आणि पुरस्काराच्या नावात नवं कोणाचं नाव घालू नका. बक्षीस म्हणून पुस्तकं द्या, पण ती त्या मुलाला विचारून घ्या. रोख पाकीट आणि मनगटी घड्याळ, दोन्ही नको.

फलकावर चारच जागा उरल्यात, म्हणजे दोन वर्षं. नवा फलक करताना पेंटरला नावाचा रकाना निम्मा करायला सांगा आणि उरलेल्या जागेत तीन-चार शब्दांची ओळ बसवा: ‘चूक स्वतःहून सांगितली’, ‘नव्या मुलीला सोबत दिली’. ही ओळही मानपत्रासारखीच आधी त्या मुलाला दाखवा. अक्षरं किमान पाऊण इंच ठेवा, नाहीतर खालून वाचता येत नाहीत. जुना फलक काढू नका, शेजारीच लावा.